ऍटमॉस थिएटर, साउंडबार की हेडफोन? सांगलीकरानं पैसे कुठं घालावेत

सेलमध्ये ऍटमॉस (डॉल्बी कंपनीची चारी बाजूंनी आणि वरून पण आवाज देणारी पद्धत) लिहिलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर घेऊ, की त्यापेक्षा कोल्हापूर-पुण्याला जाऊन चांगल्या थिएटरात पिक्चर बघू, असं ज्याचं अडलंय त्याच्यासाठी हे लिहितोय. बजेट वीसेक हजार धरलंय.

आधी थिएटर. साध्या ५.१ मध्ये (पाच बाजूंचे आवाज आणि एक फक्त बेसचा) डाव्या भिंतीवरचे सगळे स्पीकर एकच आवाज काढतात, उजवीकडं पण तेच. २०१२ ला ऍटमॉस आलं त्यात मिक्सिंग करणारा एकेक आवाज सुटा ठेवतो, हा डास इथं, ते हेलिकॉप्टर तिथं, असे १२८ पर्यंत ट्रॅक, आणि ६४ पर्यंतच्या स्पीकरमधला कुठला वाजवायचा ते हॉलमधला प्रोसेसर ठरवतो, त्यात डोक्यावरचे पण आले. म्हणून डास भिंतीच्या कडेकडेनं येऊन बरोबर कानामागं थांबतो आणि आपला हात आपोआप मानेवर जातो. डोळ्याला समोरचंच दिसतं, कान मात्र चारी बाजूंनी पहारा देतात, त्यामुळं मागं खुट्ट झालं की डोक्याला कळायच्या आधी अंग दचकतं, भुताचे पिक्चर काढणारे तर यावरच पोट भरतात.

पण नुसता दणदणाट म्हणजे ऍटमॉस नव्हे बरं का. २०१३ चा ग्रॅव्हिटी बघा, अवकाशात हवा नाही म्हणून एवढी मोडतोड होऊन पण धडामधुडूम नाही, आणि माणूस पडद्याबाहेर सरकला की त्याचं बोलणं पण हॉलमध्ये त्याच्याबरोबर सरकतं. आपणच तरंगतोय असं वाटून पोटात खड्डा पडतो.

फक्त बुकिंग करताना त्याच स्क्रीनला ऍटमॉस आहे का ते बघा, एकाच मल्टिप्लेक्समध्ये पण सगळ्या स्क्रीनला नसतं. आणि सीट मधली, जरा मागची.

आता साउंडबार. वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात, म्हणजे सपाट स्लॅब पाहिजे, आठ ते चौदा फुटांवर. घर कौलारू किंवा पत्र्याचं असेल तर नादच सोडा, पावसाळ्यात पत्रा फुकटात ऍटमॉस देतोच! बॉक्सवर ५.१.२ असेल तर शेवटचे दोन वरचे, तो आकडाच नसेल तर बहुतेक नुसता प्रोसेसिंगचा खेळ. एवढ्या पैशात मी तरी ऍटमॉसचा शिक्का सोडून खरे मागचे स्पीकर आणि सबवूफरवाला (बेसचा वेगळा डबा) साधा ५.१ घेईन, बेस छातीत जाणवायला पाहिजे. ऍटमॉसवालाच घेतला तर टीव्हीवर एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतून जोडा, ऑप्टिकल वायरीतून ऍटमॉस जात नाही. दुकानात डेमोचं हेलिकॉप्टर नको, तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावायला सांगा, तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहून जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, ऐकू येत नसेल तर तो बार तिथंच ठेवून या.

हेडफोन सगळ्यात स्वस्त. नेटफ्लिक्सनं २०२२ ला आणलेला स्पेशियल ऑडिओ साध्या स्टिरिओ हेडफोनवर पण चालतो. कानाच्या आकाराचं सरासरी गणित घालून आवाज मागं-पुढं भासवतात, प्रत्येकाचा कान वेगळा, त्यामुळं कुणाला भारी वाटतं आणि कुणाला सगळं डोक्याच्या आतच. छातीत काही धडधडत नाही, पण हळू सीनला, दाबलेला हुंदका, गिळलेला आवंढा, याला हेडफोनसारखं काही नाही, थिएटरात तेवढ्यात कुणीतरी पॉपकॉर्न चावत असतो.

एकटे रात्री बघत असाल तर हेच घ्या. आईवडील, पोरं सोबत बसणार असतील तर वर सांगितलेला ५.१ चा सेट, आणि पिक्चर तसाच मोठा असला तर रविवारी सगळ्यांना घेऊन कोल्हापूर गाठा, पन्नासेक किलोमीटर तर आहे.