निवासी प्रकल्पांचं विकसन शिकायचंय: दोन वर्षांची पदवी बरी की विकसकाचं ऑफिस?

साइटवर दोन-तीन वर्षं काढलेले सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करणारी मुलंमुली, घरची थोडी जमीन असलेले तरुण, अशा बऱ्याच जणांची अडचण सारखीच असते. बांधायचं कसं हे कळतं, पण प्रकल्प उभा कसा करायचा हे कुठे शिकायचं? जमीन बघण्यापासून सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतर) करून देईपर्यंतचं सगळं काम म्हणजे विकसन. ते शिकायचे मुख्य मार्ग दोन आहेत. तिसरा मार्ग म्हणून एक प्रमाणपत्रही पुढे केलं जातं. त्याबद्दल गैरसमज फार, म्हणून ते आधी बाजूला काढतो.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, जानेवारी 2023 च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. 20 तासांचं प्रशिक्षण, मग ऑनलाइन परीक्षा, मग प्रमाणपत्र. फ्लॅट विकणाऱ्यांसाठी ही सक्ती चांगलीच आहे. कार्पेट क्षेत्र म्हणजे काय, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम का घेता येत नाही, हे विक्रीच्या टेबलावरच्या माणसाला माहीत असायलाच हवं. पण जमीन खरेदी, आराखड्याची मंजुरी, पैशाची उभारणी हे त्या प्रशिक्षणाचे विषय नाहीत. हे प्रमाणपत्र ‘डेव्हलपर बना’ म्हणून विकणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका.

आता खरी तुलना. एका बाजूला पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम. पुण्यात बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी बालेवाडीची निकमार आहे. 1983 साली बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था आता विद्यापीठ झाली आहे. ॲमिटी विद्यापीठाची आरआयसीएस स्कूल ऑफ बिल्ट एन्व्हायर्नमेंटही आहे. दुसऱ्या बाजूला विकसकाच्या ऑफिसातली नोकरी, म्हणजे पगार घेत शिकणं.

यातलं काय निवडावं हे ठरवण्याआधी कामाचा गाभा बघू. पुण्यात दाट वस्तीबाहेर 1,000 चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि समोरचा रस्ता 10 मीटरचा आहे असं धरा. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.1, प्रीमियम भरून 0.5 आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरणीय बांधकाम हक्क) विकत घेऊन 0.4, म्हणजे एकूण 2. त्यावर जिने-बाल्कनीसारख्या पूरक जागांसाठी निवासी वापराला 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय, तोही प्रीमियम भरून. बांधता येणारं क्षेत्र होतं 3,200 चौरस मीटर. रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियम आणि टीडीआरचा रकाना रिकामा राहतो आणि तेवढ्याच प्लॉटवर 1,760 चौरस मीटरच मिळतात. जमीनमालक मात्र भाव मागतो तो मोठ्या रस्त्यावरच्या शेजाऱ्याचा. तो द्यायचा की उठून यायचं, आणि टीडीआरचा बाजारभाव बघता तो घेणं परवडतं का, याचं उत्तर काढणं म्हणजे फिजिबिलिटी.

हे ऑफिसात फार लवकर अंगवळणी पडतं, कारण दलाल सतत नवे प्लॉट घेऊन येत असतात आणि त्यातले बहुतेक नाकारायचे असतात. वर्गात हेच एक असाइनमेंट म्हणून येतं, आकडे आधीच दिलेले असतात. रस्ता विकास आराखड्यात रुंद दाखवलाय पण जागेवर चिंचोळा आहे, मोजणी आणि सातबारा जुळत नाहीत, ही खरी दुखणी वर्गात क्वचितच दिसतात.

जमिनीच्या कागदांबाबत तर ऑफिस निर्विवाद पुढे आहे. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी मागे मागे वाचत जाणं, बहिणींच्या हक्कसोडपत्राची नोंद नाही हे पकडणं, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली) आहे किंवा तिच्यावर कूळकायद्याच्या कलम 43 ची अट आहे आणि परवानगीशिवाय व्यवहार होणार नाही हे ओळखणं. हे सगळे कागद मराठीत असतात, अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात. गावाकडून आलेल्या मराठी मुलांना इथे मोठा फायदा आहे आणि तो त्यांनी जाणीवपूर्वक वापरावा असं मला मनापासून वाटतं.

मग पदवी कशाला? पैशासाठी. पगाराच्या अर्थाने नव्हे, प्रकल्पातला पैसा समजण्यासाठी. लहान विकसक सगळं दाखवतो, पण कॅशफ्लो स्वतःजवळ ठेवतो. मोठ्या कंपनीत विभागच वेगळे, त्यामुळे लायझनिंगच्या (सरकारी परवानग्या मिळवण्याच्या) माणसाला वित्त विभागात काय चाललंय ते कळत नाही. चार वर्षं काम केलेला हुशार मुलगा महापालिकेतली प्रत्येक पायरी ओळखतो, पण या प्रकल्पात मालकाला पैसे सुटतील का, हे त्याला सांगता येत नाही.

आणि हे गणित सोपं नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रेरा कायद्याप्रमाणे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते फक्त जमीन आणि बांधकामासाठी, तेही कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांच्या दाखल्यांवरच काढता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे खासगी बिल्डरला जमीन घ्यायला बँक कर्ज देत नाही, म्हणून स्वतःचं भांडवल, जमीनमालकाशी भागीदारी किंवा महागडी बिगर-बँक कर्जं यातून वाट काढावी लागते. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर 5 टक्के आणि परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नाही. सिमेंट-स्टीलवर भरलेला कर सरळ खर्चात जातो. हे सगळं महिनावार मांडून परतावा काढायला चांगला अभ्यासक्रम पद्धतशीर शिकवतो, आणि ऑफिसात हे शिकवायला कुणाला वेळ नसतो.

ऑफिसची आणखी एक मर्यादा शहराची. पुण्यात शिकलेलं मुंबईत तसंच चालत नाही. तिथे डीसीपीआर 2034 ही विकास नियमावली वेगळी, तिच्यातले जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठीच्या नियम 33(7)चे प्रकार वेगळे. पदवीधराला निदान नवी नियमावली हातात घेऊन वाचायची सवय लागलेली असते.

पुनर्विकास मात्र दोन्हीकडे अपुरा शिकवला जातो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय वाचून पाठ होईल, पण सभासदांच्या सभेत ज्येष्ठ नागरिक भाड्याबद्दल काय विचारतात आणि कशाची भीती बाळगतात, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. शहरांतल्या जुन्या वस्त्यांत काम करायचं असेल तर पीएमसीकडे, म्हणजे प्रकल्प सल्लागाराकडे, वर्षभर राहणं मला दोन्ही मार्गांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

माझा कौल असा. वय पंचविशीच्या आत असेल आणि गुंतवणूक, निधी किंवा मोठ्या विकसकाच्या बिझनेस डेव्हलपमेंट विभागात जायचं असेल, तर पदवी घ्या, पण आधी एक वर्ष लहान विकसकाकडे काढून. प्रश्न घेऊन वर्गात बसलेल्याला त्या दोन वर्षांतून कितीतरी जास्त मिळतं. घर चालवायची जबाबदारी असेल तर नोकरी सोडू नका. फी लाखांत जाते आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार त्याहून मोठा ठरू शकतो. ऑफिस बदला आणि आर्थिक मॉडेलिंग वेगळं शिका. घरचीच जमीन विकसित करायची असेल तर पदवीची घाई नको, चांगला वकील आणि आर्किटेक्ट यांच्यासोबत बसून स्वतःची फाइल स्वतः हलवा.

तिन्ही प्रकारच्या लोकांसाठी फुकट शाळा आहे ती महारेराची वेबसाइट. प्रकल्पांचे टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचे अहवाल), मंजूर नकाशे आणि तिमाही प्रगती तिथे बघता येते. आपल्याच भागातले पाच-सहा प्रकल्प उघडून शेवटपर्यंत वाचा. कंटाळा आला तर हे क्षेत्र आपलं नाही हेही लाखभर रुपये न घालवता कळेल.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारा: फिजिबिलिटी शिकवणाऱ्याने स्वतः एखादा प्रकल्प जमिनीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत नेलाय का? मागच्या बॅचमधले किती जण विकसन विभागात लागले आणि किती पुन्हा साइटवरच गेले? नोकरीच्या मुलाखतीत विचारा: टायटल रिपोर्ट वाचायला मिळेल का, जमीनमालकाबरोबरच्या बैठकीत बसता येईल का? ‘आधी साइट बघा, मग पाहू’ असं उत्तर आलं तर ते ‘मग’ म्हणजे कोणता महिना, हे नियुक्तीपत्रात लिहून मागा.