नॉर्थॅम्प्टनचा जोड : आठ महिने वापरल्यानंतर

इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन या बुटांसाठी प्रसिद्ध गावातल्या एका जुन्या कारखान्याच्या दुकानातून मी तपकिरी ऑक्सफर्ड बुटांचा ‘सेकंड्स’मधला, म्हणजे किरकोळ खोटीमुळे कमी किमतीला काढलेला जोड घेतला. माझ्या जोडातली खोट म्हणजे डाव्या टाचेजवळची केसाएवढी रेघ, जी मला चष्मा लावूनही चटकन सापडली नव्हती.

जोड निवडला तो शेजारच्या आजींनी. त्यांचे वडील ‘क्लिकर’, म्हणजे चामड्यातले डाग चुकवून बुटाच्या वरच्या भागाचे तुकडे कापणारे कारागीर होते. आई ‘क्लोजिंग’ खात्यात ते तुकडे शिवत असे आणि मुले झाल्यावर तेच काम तिने घरी आणले. रविवारी दोन वेळा बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चॅपलला, म्हणजे प्रार्थनागृहाला जायचे आणि त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, त्यामुळे घरातले सगळे बूट शनिवारी रात्रीच पॉलिश होऊन शेगडीपाशी रांगेने मांडलेले असत. प्रवचन लांबले की वडील समोरच्या बाकाखालचे बूट न्याहाळून कोणता जोड कोणत्या कारखान्याचा हे ओळखत बसत.

दुकानात आजींनी बूट आधी उलटा केला आणि ‘वेल्ट’च्या, म्हणजे तळाच्या कडेने फिरणाऱ्या अरुंद पट्टीच्या टाक्यांवरून नख फिरवले. ‘गुडइयर वेल्ट’ नावाच्या या पद्धतीत बुटाचा वरचा भाग आतल्या तळाशी आणि या पट्टीशी शिवतात, बाहेरचा तळ त्या पट्टीला वेगळ्या टाक्याने जोडतात आणि मधली पोकळी कॉर्कने भरतात. त्यामुळे झिजलेला तळ उसवून नवा बसवता येतो आणि कॉर्क हळूहळू आपल्या पावलाच्या आकाराने दबतो. तो दबेपर्यंतचे तीन आठवडे मात्र फार वाईट गेले. दोन्ही टाचांना फोड आले, आणि ओल्या फरशीवर चामडी तळ घसरतो ही तक्रार तर अजूनही आहे. वर्षभर पाऊस पडणाऱ्या देशात असा तळ का घालतात, कोण जाणे!

मी मराठी बोलतो हे कळल्यावर आजींनी चॅपलच्या रविवारच्या शाळेत ऐकलेल्या विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याचे नाव काढले. ज्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापले गेले, तो कॅरी याच परगण्यातला. पिडिंग्टनला तो जोडे शिवायला शिकला आणि १७८३ मध्ये नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे मोल्टनच्या चॅपलमध्ये प्रवचने करतानाही त्याला पोटासाठी जोडे शिवावे लागत, आणि कामाच्या खोलीत त्याने स्वतः काढलेला जगाचा नकाशा टांगलेला असे. आरी आणि धर्मग्रंथ एकाच घरात नांदण्याची रीत आजींच्या वडिलांपेक्षा किती जुनी आहे, हे मला तेव्हा उमगले.

दुकानातल्या माणसाने दोन्ही पावले मोजून नेहमीपेक्षा अर्धा नंबर लहान घ्यायला सांगितले, ते बरोबर निघाले. रोज बस पकडायला धावणाऱ्याने हा जोड घेऊ नये. निवांत चालणाऱ्याने जरूर घ्यावा, पहिले दोन आठवडे जाड मोजे घालावेत आणि पावसाळ्याआधी तळाला रबराची पातळ पट्टी लावून घ्यावी. मी ती लावली तेव्हा आजींनी नाक मुरडले होते.