लकव्यानंतर जीभ वळत नाही: थेरपी नागपुरात, जिल्ह्याला, फोनवर की घरीच?

दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी बाबांनी पाणी मागितलं आणि आईला ऐकू आलं 'माणी'. तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा बाबांनी हात झटकला आणि भिंतीकडे तोंड केलं. मेंदूच्या बुंध्याशी, जिथून जीभ, टाळू आणि घशाच्या नसा निघतात, तिथे त्यांना झटका आला होता. हातपाय महिन्याभरात बऱ्यापैकी सावरले, बोलणं मात्र तिथंच अडून बसलं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात आर्वीकडचं, घरी सात एकर वावर आणि दोन ढोरं. पुढच्या वर्षभरात आम्ही थेरपीच्या चारही वाटा चालून पाहिल्या. ज्यांच्या घरी आज हाच पेच आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कुठे जायचं हे ठरवण्याआधी दुखणं नेमकं कोणतं ते कळायला हवं, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. बाबांचं होतं ते डिसार्थ्रिया. शब्द डोक्यात तयार असतो, वाक्य बरोबर जुळतं, पण नसांचं नुकसान झाल्यामुळे ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांचे स्नायू ढिले, ताठर किंवा बेताल होतात. लिहिता येणारा माणूस असेल आणि हात चालत असेल, तर तो तेच वाक्य कागदावर बिनचूक लिहून देतो. अप्रॅक्सियात स्नायूंत जोर असतो, पण हालचालींचा क्रम लागत नाही. एकच शब्द दर वेळी वेगळा चुकतो, आणि मध्येच एखादी शिवी किंवा 'राम राम' मात्र स्वच्छ निघतं. तिसरं अफेझिया, त्यात शब्दच सापडत नाही किंवा समोरच्याचं बोलणं समजत नाही. गावात तिघांनाही 'वाचा गेली' म्हणतात, पण तिघांची थेरपी वेगळी. एकाच माणसाला दोन्ही-तिन्ही असू शकतात, म्हणून पहिली तपासणी समोरासमोरच झाली पाहिजे. तिला दुसरा पर्याय नाही, असं मी मानतो.

नागपुरात राहून रोजची थेरपी

आम्ही तीन आठवडे मावशीकडे राहिलो. पहिल्याच दिवशी थेरपिस्ट मॅडमनी बाबांच्या नाकाखाली एक छोटा आरसा आडवा धरला आणि 'पा पा पा' म्हणायला सांगितलं. आरशावर वाफ जमली. 'प' म्हणताना हवा नाकातून यायलाच नको, टाळूने वर उचलून ती वाट बंद करायची असते. बाबांचा टाळू उचलत नव्हता, म्हणून 'प'चा 'म' होत होता आणि 'ब'चाही 'म'. महिनाभर आम्ही जीभ जड झाली, जीभ जड झाली म्हणत होतो, आणि खोट निघाली टाळूत. मग 'पटक पटक' भरभर म्हणायला लावलं: 'प'ला ओठ, 'ट'ला जिभेचं टोक, 'क'ला जिभेचा मागचा भाग. कुठली जागा मागे पडते ते अर्ध्या मिनिटात कळतं.

मोठ्या शहराचा खरा फायदा हाच, की थेरपिस्टसोबत बाकीची माणसंही एका ठिकाणी मिळतात. नाक-कान-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने स्वरतंतू पाहतात. टाळू फारच ढिला असेल तर दातांचे तज्ज्ञ त्याला वर धरून ठेवणारी कवळीसारखी पट्टी बसवून देतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिळण्याची तपासणी होते. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच असतात. पाणी पिताना ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होणं, वारंवार ताप येणं अशी काही लक्षणं असतील, तर बोलणं बाजूला ठेवा आणि आधी गिळणं तपासून घ्या. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो. बाबांचं पातळ ताक बंद करून घट्ट पेज सुरू झाली ती तिथूनच.

पार्किन्सन (मेंदूचा आजार, त्यात हालचाल मंदावते आणि आवाज बारीक होतो) असलेल्या रोग्याला तर रोजची, सलग थेरपीच लागते. मोठ्या आवाजावर भर देणारी 'एलएसव्हीटी लाउड' ही पद्धत आठवड्याला 4 दिवस, असे 4 आठवडे, रोज एक तास, एकूण 16 बैठकांची असते. ती आठवड्याला एक अशी पसरवून उपयोग नाही.

तोटा उघड आहे. रोग्यासोबत घरचं एक माणूस अडकतं. पऱ्हाटी वेचायच्या दिवसांत ते कुणाला जमणार? आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. खोलीत, मॅडमसमोर बाबा छान बोलायचे आणि मावशीच्या घरी आल्यावर पुन्हा गप्प. थेरपीच्या खोलीतलं बोलणं आपोआप घरात येत नाही.

जिल्ह्याला, आठवड्यातून एकदा

वर्ध्याच्या लोकांना सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं जवळ आहेत. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी बसतात, मोठ्या माणसांना पाहतात का, हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. काही ठिकाणी ते पद मुलांच्या तपासणी केंद्रासाठी असतं, आणि ते केंद्र 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आम्ही एकदा चौकशी न करता गेलो आणि तसेच परत आलो. तीव्र उन्हाळ्यात, लकव्याच्या माणसाला घेऊन.

खर्चाच्या बाजूने ही वाट सोपी आहे. एसटीत 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, बायकांनाही 2023 पासून अर्धं. सोबत आई गेली तर दोघांचं एका तिकिटात होतं. पण दिवस पूर्ण जातो आणि हातात येतो अर्धा तास. माझं स्पष्ट मत: घरी रोज सराव होणार नसेल, तर आठवड्याची ही फेरी सगळ्यांत वाया जाणारी. सराव होणार असेल, तर दर फेरीत चुका दुरुस्त होतात आणि पुढचा अभ्यास मिळतो, मग ती पुरते.

फोनवरची व्हिडिओ थेरपी

मला यावर सुरुवातीला विश्वास नव्हता. आता वाटतं, गावात राहणाऱ्यांसाठी मधल्या काळात याहून चांगलं काही नाही. पार्किन्सनच्या रोग्यांत व्हिडिओवरून दिलेली आवाजाची थेरपी समोरासमोरच्या थेरपीइतकीच लागू पडल्याचं अभ्यासांत दिसलंय. प्रवासाचा थकवा नाही, हा भाग तर मोजायलाच हवा. थकलेल्या तोंडाचं बोलणं आणखी बिघडतं. शिवाय माणूस आपल्या ओसरीत, आपल्या खाटेवर बसून बोलतो, तेव्हा ते बोलणं घरातच रुजतं.

पण मर्यादाही आहेत. नाकातून हवा जाते का, हे फोनच्या आवाजावरून नीट ओळखता येत नाही. फोन आपल्या मनाने आवाज वरखाली करतो, त्यामुळे आवाज किती मोठा झाला हेही नुसत्या कानावर ठरवता येत नाही. गिळण्याचा त्रास असेल तर निव्वळ व्हिडिओवर राहणं धोक्याचं. अप्रॅक्सियात थेरपिस्टचं तोंड पाहत, सोबतच म्हणायचं असतं आणि आवाज-चित्र मागेपुढे झालं की सगळा घोळ होतो. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीजवळच्या लिंबाखाली यायची. तिथे खुर्ची टाकून बसायचो, फोन हातात न धरता डब्याला टेकवून ठेवायचो, उजेड तोंडावर येईल असा. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात तेवढीही सोय नसेल, तर सरावाची ध्वनिफीत मागवून घ्या. आणि घरची भाषा कोरकू किंवा गोंडी असेल, तर दुभाषी म्हणून घरचं माणूस बसलंच पाहिजे, नाहीतर उच्चार चुकला की शब्दच वेगळा आहे हे थेरपिस्टला कळणार कसं?

फोनवर भेटणारा माणूस कोण, हे आधी तपासा. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको, खरा थेरपिस्ट तो लगेच देतो.

घरीच, घरच्यांनी

नुसतं घरीच, कुणालाही न दाखवता, हा पर्याय मी कुणाला सुचवणार नाही. वेखंड उगाळून जिभेला चोळायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. नस दुखावली असेल तर जीभ चोळून ती सुधरत नाही, आणि ज्याला थुंकी गिळताना ठसका लागतो त्याच्या तोंडात काहीही घालणं घातक आहे. दुसरी चूक शिकलेल्यांकडूनही होते. एका खाजगी ठिकाणी बाबांना दहा बैठका फक्त फुगे फुगवायला आणि जीभ आतबाहेर करायला लावली. पैसे गेले, बोलणं होतं तिथेच राहिलं. अशा नुसत्या व्यायामांनी बोलणं सुधारतं याला फारसा आधार नाही. बोलणं सुधारतं बोलूनच.

पण तपासणी झालेली आहे, काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि मग घरी सराव चाललाय, तर त्याच्यासारखं औषध नाही. आमचा नेम असा होता: सकाळी चहानंतर दहा मिनिटं, दुपारी दहा, दिवेलागणीच्या आधी दहा. एकदम तासभर कधीच नाही. शब्द छापील यादीतले नाहीत, बाबांच्या रोजच्या तोंडातले: पाणी, बंडी, ढेप, सरकी, कोठा, पऱ्हाटी, नातवाचं नाव. एका श्वासात दोनच शब्द, मग थांबा. वहिनीने एक पुठ्ठा केला, त्यावर मोठ्या अक्षरांत क, ख, ग. बोलताना बाबा शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचे. बोट ठेवायचं म्हणून आपोआप वेग कमी व्हायचा आणि ऐकणाऱ्याला अर्धा शब्द आधीच कळायचा. 'पा'वर बोट ठेवून निघालेलं 'माणी' आईला पहिल्यांदा पाणीच ऐकू आलं, आणि ती तांब्या आणायला इतकी धावत उठली की पदर खुंटीला अडकला.

ऐकणाऱ्याकडेही बघा. आईच्या कानाची तपासणी आम्ही खूप उशिरा केली. तिला डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं आणि सगळा दोष बाबांच्या जिभेवर जात होता. रोग्याची कवळी ढिली असेल तर तीही बसवून घ्या.

कुणी काय निवडावं

झटका नुकताच आलाय, ठसका लागतो किंवा बोलणं नाकातून येतं: काही आठवडे शहर, मग घर आणि फोन. परवडत असेल तर यात काटकसर नको. बोलणं ऐकणाऱ्याला समजतं पण अस्पष्ट आहे, गिळणं ठीक आहे: जिल्ह्याला एक-दोन तपासण्या, पुढे फोन, रोज घरी सराव. पार्किन्सन: महिनाभराची सलग थेरपी, नेट चांगलं असेल तर फोनवरही.

काही दुखणी या हिशेबात बसत नाहीत. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज बसला, तर आधी नाक-कान-घशाचा डॉक्टर. दिवसभर बोलता बोलता आवाज विझत जातो आणि पापण्या मिटतात, तर सराव वाढवू नका. तो मायस्थेनिया (वापराने स्नायू लवकर थकण्याचा आजार) असू शकतो, त्याला न्यूरॉलॉजिस्टचं औषध लागतं. मोटर न्यूरॉन आजारात (स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होत जातात) जोर लावून केलेला सराव थकवतो. तिथे माणसाचा आवाज असेपर्यंत तो ध्वनिमुद्रित करून ठेवणं आणि अक्षरांचा पुठ्ठा लवकर हातात देणं जास्त मोलाचं.

बोलण्यातला दोष कायमचा राहिला, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व धरलेलं आहे. पार्किन्सनचं नावही त्या यादीत आहे. प्रमाणपत्रासाठी थेरपिस्टच्या नोंदी लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनचे कागद एका पिशवीत ठेवा.

पहिल्या तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड, सगळ्या गोळ्या, कवळी, चष्मा आणि मोबाईलवर काढलेले दोन व्हिडिओ घेऊन जा: एक सकाळचा, एक संध्याकाळचा, दोन्हीत तेच दहा शब्द. आमच्या मॅडमनी बाबांना तपासायच्या आधी तेच दोन व्हिडिओ तीनदा पाहिले होते.