सात औंसी एमएमए स्पारिंग ग्लोव्ह: कुठे साथ देतो, कुठे दगा देतो

एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारा मिश्र लढतीचा खेळ) फायटर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो चार औंसांचा, बोटं उघडी असलेला लढतीचा ग्लोव्ह. पण जरा हिशोब मांडून बघा. वर्षाला तीन लढती, प्रत्येक लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन राउंडची, आणि तिन्ही अगदी शेवटच्या घंटेपर्यंत गेल्या असं धरलं, तरी त्या ग्लोव्हमध्ये हात राहतो वर्षभरात ४५ मिनिटं. आठवड्यातून दोनदा पाच राउंडचं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सराव-लढत, केलं तर एका आठवड्यातच ५० मिनिटं भरतात आणि ती जातात सात औंसी ग्लोव्हमध्ये. शिवाय लढतीचा ग्लोव्ह आयोजक देतात, हा मात्र आपला आपण निवडायचा असतो. कारकीर्द किती वर्षं चालेल हे बऱ्याच अंशी हातांवर ठरतं आणि हातांची बरीचशी झीज याच ग्लोव्हमध्ये होते.

सात औंस म्हणजे साधारण १९८ ग्रॅम. लढतीचा ग्लोव्ह ११३ ग्रॅमच्या आसपास, आणि निव्वळ बॉक्सिंगच्या स्पारिंगचा सोळा औंसी ग्लोव्ह जवळपास ४५४ ग्रॅम. या दोघांच्या मधली ही जागा अवघड आहे. ग्लोव्हने ठोसा झेलायचा, समोरच्याला कापायचं नाही, आणि त्याच हाताने टेकडाउन (समोरच्याला जमिनीवर पाडणं), अंडरहूक (काखेखालून घातलेली पकड), चोक (गळा आवळणं) सगळं करता आलं पाहिजे. म्हणजे गाय हवी आखूडशिंगी आणि बहुदुधी. असा पूर्ण समाधान देणारा ग्लोव्ह कोणीच बनवत नाही. कुठल्या बाबतीत तडजोड चालेल आणि कुठे अजिबात नाही, एवढंच ठरवता येतं.

तडजोड नको ती फोममध्ये. चांगल्या ग्लोव्हमध्ये किमान दोन थर असतात: बाहेरचा कडक थर धक्का पसरवतो आणि हाताजवळचा मऊ थर तो शोषतो. एकच जाड मऊ थर असलेला ग्लोव्ह हातात घालताच छान वाटतो, म्हणूनच खपतो, पण दोन-तीन महिन्यांत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकलवर (मुठीच्या उंचवट्यावर) त्याचा फोम दबून बसतो. बाकी ग्लोव्ह नवा दिसतो आणि नेमका तिथला भाग पोकळ झालेला असतो. तपासायची पद्धत सोपी आहे. हाताला पट्टी बांधा, ग्लोव्ह घाला, मूठ टेबलावर उभी टेकवा आणि वरून शरीराचं वजन द्या. पहिल्या दोन नकल्सना टेबल 'लागलं' तर तो ग्लोव्ह ठेवून द्या. वापरातल्या ग्लोव्हवर हीच चाचणी महिन्यातून एकदा करावी.

फोम किती जाड आहे याइतकंच तो कुठपर्यंत पोचतो हेही महत्त्वाचं. मूठ उघडी असताना पॅड नकल्सवर नीट बसलेलं दिसतं. मूठ वळली की ते मागे मनगटाकडे सरकतं आणि बोटाचं पहिलं पेर उघडं पडतं. इथेच घोडं पेंड खातं. पॅड बोटाच्या पहिल्या पेरावर निदान अर्ध्यापर्यंत उतरलेलं हवं, तेही मूठ घट्ट वळलेली असताना. करंगळीच्या बाजूला तर खास बघावं. थकलेल्या हाताने मारलेला गोल ठोसा बहुतेक वेळा त्याच बाजूला लागतो आणि करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. ते जुळायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे लढतीच्या तयारीचा अख्खा कॅम्प वाया.

अंगठ्याच्या बाबतीत बाजारात दोन पंथ आहेत. एकात अंगठा पूर्ण मोकळा असतो, दुसऱ्यात त्याला गोल पट्टा किंवा पातळ पॅड असतं. ग्रॅपलिंगवाले (धरपकडीवर भर देणारे) मोकळा मागतात, कारण पकड चांगली बसते. माझं मत पट्ट्याच्या बाजूने आहे. टेकडाउन अडवताना मोकळा अंगठा समोरच्याच्या शॉर्ट्समध्ये किंवा काखेत अडकून मागे ओढला जातो आणि मुळाशी असलेला आतला अस्थिबंध ताणला किंवा तुटला की चिमटीत धरण्याची ताकदच जाते. मात्र पट्ट्याची शिलाई आतून बघायलाच हवी. अंगठा आणि तर्जनीमधल्या मऊ कातडीवर शिलाईची उभी गाठ आली, तर चौथ्या राउंडला तिथली साल निघालेली असते. बोट आत घालून ती जागा चाचपून बघा. गाठ बोटाला जाणवली तर घामात ती ब्लेडसारखी चालते.

तळहाताची बाजू जितकी कमी तितकी बरी. काही ग्लोव्हजमध्ये मूठ वळायला मदत म्हणून तळहातात जाड आडवी पट्टी असते. पॅडवर्कला (समोरच्याने धरलेल्या पॅडवर ठोसे मारताना) ती सुखाची वाटते. पण दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून समोरच्याच्या कमरेमागे पकड बांधायची वेळ आली की तीच मध्ये येते आणि पकड घसरते. गिलोटिन (समोरून गळा आवळायचा डाव) लावून बघणं हीसुद्धा चांगली परीक्षा आहे: हात हनुवटीखालून आत शिरतो का, की पॅडची कड जबड्याला अडते? मागून चोक लावताना दुसरा हात डोक्यामागे सरकवायचा असतो, तिथेही मागची जाडी नडते. सात औंसी ग्लोव्हमध्ये थोडं नडणारच. पूर्णच अडत असेल तर ग्लोव्ह बॉक्सिंगकडे झुकलेला आहे.

मनगटाचा पट्टा एकेरी की दुहेरी, यावर बरेच वाद होतात. दुहेरी, उलटसुलट दिशांनी गुंडाळणारा पट्टा मनगट जास्त घट्ट धरतो, पण दुसरा हात स्वतःचा स्वतः बांधणं कठीण जातं. रुंद एकेरी पट्टा दाताने ओढून लावता येतो. दुहेरीला माझी पसंती आहे, विशेषतः ज्यांचं मनगट ठोशाला आत दुमडतं त्यांच्यासाठी. वेल्क्रोचं टोक पुरतं दाबलं गेलेलं असावं. ते सुटलं की कडक बाजू पार्टनरच्या मानेवर आणि कपाळावर ओरखडे काढते. त्यावर कापडी चिकटपट्टीचे दोन फेरे मारले की काम होतं.

आकार घेताना अंगठा सोडून नकल्सवरून तळहाताचा घेर मोजा, आणि तोही पट्टी बांधून. या ग्लोव्हखाली साडेचार मीटरची लांब पट्टी बांधली तर हात फुगतो आणि मूठ वळत नाही. अडीच ते तीन मीटरची पुरते. मुख्य भर मनगटावर, बोटांमधून एक-एक फेरा, बस. लढतीच्या दिवशीचं गणित वेगळं. युनिफाइड रूल्समध्ये (एमएमएच्या सामाईक नियमावलीत) प्रत्येक हाताला दोन इंच रुंदीचं मऊ गॉझ १३ यार्डपर्यंत आणि एक इंची टेप १० फुटांपर्यंत अशी मर्यादा आहे, आणि ही बांधणी लढतींवर देखरेख करणाऱ्या क्रीडा आयोगाच्या माणसासमोर होते. त्या बांधणीवर चार औंसी ग्लोव्ह कसा बसतो याची सवय शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पॅडवर्कमध्ये करून घ्यावी. स्पारिंगमध्ये चार औंसी कधीही नको.

वजनाबद्दल एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. एकाच मॉडेलवर 'सात औंस' छापलेलं असलं तरी लहान आकार बऱ्याचदा हलका भरतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टाकून बघा. डाव्या-उजव्यात दहा-बारा ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर फोम सारखा भरलेला नाही.

डोळ्यात बोट जाण्याचा प्रश्न या ग्लोव्हला सुटलेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सपाट, कडक, नवा ग्लोव्ह हाताला उघडं राहायला लावतो. सैल सोडलेला हात आपोआप अर्धवट मिटलेला राहावा, असा वळलेला साचा बोटांसाठी जास्त सुरक्षित असतो. एमएमए लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीने जून २०२४ मध्ये यूएफसी ३०२ पासून नव्या बनावटीचे ग्लोव्हज आणले आणि नोव्हेंबरमध्ये यूएफसी ३०९ पासून जुन्यावर परत गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये टॉम अ‍ॅस्पिनल आणि सिरिल गान यांची हेवीवेट विजेतेपदाची लढत पहिल्याच राउंडमध्ये डोळ्यात बोट गेल्यामुळे निकालाविना थांबली. जगातल्या सर्वात मोठ्या कंपनीला जे साधलेलं नाही ते दुकानातल्या डब्यावर 'अँटी आय-पोक' छापून साधत नाही. वळलेला साचा घ्या, आणि अंतर मोजताना बोटं पुढे न पसरता मूठ मिटलेली किंवा बोटं वर ठेवायची सवय लावा.

दुसरी मर्यादा याहून गंभीर. फोम वाचवतो तो मारणाऱ्याचा हात आणि समोरच्याची कातडी. डोकं झटक्यात फिरतं तेव्हा मेंदूला जे होतं, ते सात औंसांनी थांबत नाही, सोळांनीही नाही. मॅक्स हॉलोवेसारख्या माजी विजेत्याने सरावातलं स्पारिंग जवळजवळ सोडल्याचं उघडपणे सांगितलेलं आहे. 'जाड ग्लोव्ह आहे, मार जोरात' असं ज्या जिममध्ये ऐकू येतं, तिथे कुठलाही ग्लोव्ह कामाचा नाही. सात औंसीत डोक्यावरचे ठोसे हलके, स्पर्शापुरते. शरीरावर जोर थोडा वाढवला तरी चालतो.

या ग्लोव्हने हेवी बॅग (ठोशांच्या सरावाची टांगलेली जड पिशवी) मात्र मारू नका. फोम सर्वात लवकर मरतो तो तिथे. वर मनगटाला बॉक्सिंग ग्लोव्हइतका आधार नसल्याने ठोसा वाकडा बसतो. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर 'मुरगळलं असेल' म्हणून सोडू नये. स्कॅफॉइड या मनगटातल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्याने ते उशिरा जुळतं. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

निगा राखायला मेहनत नाही, नियमितपणा लागतो. सराव संपला की ग्लोव्ह बॅगेत कोंबायचा नाही. पट्टा पूर्ण उघडून, आत कोरडा कपडा फिरवून पंख्याखाली उलटा ठेवायचा. वॉशिंग मशीन आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य, कारण पाण्याने फोमचा डिंक सुटतो आणि उष्णतेने कातडं तडकतं. ओल्या अस्तरात बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि अंगावर गजकर्ण किंवा पू धरलेला फोड दिसला तर लढतीआधीच्या वैद्यकीय तपासणीत नाव कापलं जाऊ शकतं. एक जोडी दुसऱ्या दिवशी पुरती सुकत नाही, म्हणून रोज सराव करणाऱ्याने दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात.

कातडी की कृत्रिम? आठवड्यातून चार दिवसांपेक्षा जास्त वापर असेल तर अस्सल कातडी, त्याहून कमी असेल तर चांगलं कृत्रिम चालतं. आधी उसवतं ते बोटांच्या बेचक्यात. तिथे दुहेरी शिलाई नसेल तर वरचं कातडं कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. बेचकं उसवलं तर चांभाराकडून जाड नायलॉन दोऱ्याने शिवून घेता येतं. नकलवरचा फोम बसला तर दुरुस्ती नाही. असा ग्लोव्ह स्पारिंगमधून काढून जमिनीवरच्या हलक्या सरावाला ठेवावा, आणि त्यावर मार्करने ठळक फुली मारावी, म्हणजे घाईत दुसरं कोणी तो घालून स्पारिंगला उभं राहणार नाही.