बायकांच्या स्नोमोबिल बिबमध्ये गुडघा नेमका कुठे असतो? काही हिवाळ्यांच्या वापरानंतर

चेन गेली ती डाव्या गुडघ्यापाशी. खाली बुटापाशी नाही, वर कमरेपाशी नाही, बरोबर गुडघ्यावर. कंपनी म्हणते, ही वापराने होणारी नेहमीची झीज. मी म्हणते, त्या बिबचा (म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या, खांद्यावर पट्टे असलेल्या पँटचा) गुडघा माझ्या गुडघ्यावर कधी नव्हताच, म्हणून चेन गेली. स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालवायची गाडी, तिच्यासाठीचा बायकांचा पोशाख घेताना ऊब, वॉटरप्रूफचे आकडे, खिसे, रंग यांवर भरपूर बोललं जातं. गुडघ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी माझं माप. उंची पाच फूट एक इंच, कंबर ३१ इंच, सीट (नितंबांचा घेर) ४२, पायाची आतली उंची २७. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं हेच माप असतं, त्यात जगावेगळं काही नाही. राहते दुलुथला, अमेरिकेतल्या मिनेसोटात. स्लेड (स्नोमोबिलला आम्ही स्लेडच म्हणतो) बनवणाऱ्या कंपन्यांपैकी पोलारिस रोझोची, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, दोन्ही याच राज्याच्या उत्तरेकडची गावं. या कंपन्या जिथे जन्मल्या त्या राज्यात बुटक्या, रुंद सीटच्या बाईला दुकानात उभं राहून अंगावर घालून बघता येईल असा बिब मिळू नये, याचा मला खरंच राग येतो.

पहिला बिब २०२३च्या ऑक्टोबरमध्ये घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. अस्तरवाला, बाजूने कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण चेन, गुडघ्याला आणि सीटला जाड कापड. साडेतीनशे डॉलरच्या वर गेला. मापाच्या तक्त्यात सीट ४२ म्हणजे लार्ज, म्हणून लार्ज घेतला. इथेच सगळी गोम आहे. तक्ता असं धरून चालतो की जिची सीट मोठी तिचे पायही लांब, खांदेही रुंद. त्या लार्जची आतली उंची ३१ निघाली, माझ्यापेक्षा चार इंच जास्त. मीडियम घेतला तर लांबी थोडी कमी होते, पण सीटवर चेन लागत नाही, आणि लागलीच तर स्लेडवर पाय टाकताना शिवण कुरकुरते.

चार इंच जास्त आहे तर खालून कापून टाकायचं, असं कोणीही म्हणेल. मीही कापून घेतलं. पण कापल्याने फक्त टोक वर येतं. चार इंच लांब पायात गुडघा साधारण दोन इंच खाली बसवलेला असतो, तो तिथेच राहतो. या बिबमध्ये गुडघ्याचा भाग आधीच वाकवून शिवलेला असतो, कारण ट्रेलवर, म्हणजे स्लेडसाठीच्या बर्फाच्या वाटेवर, आपण तासन्‌तास गुडघे मुडपून बसतो. तो बाक माझ्या नडगीवर आला. खऱ्या गुडघ्यावर आलं सरळ बेतलेलं कापड, आणि ते मुडपलं की त्याला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या पडायच्या. बाजूची चेन त्या घड्यांतूनच जाते. दर वेळी बसताना तिला तिथे काटकोनात वळायला लागायचं, जिथे वळण्यासाठी ती बसवलेलीच नव्हती.

पट्टे आवळून बिब वर ओढला तर? करून बघितलं. मग आसन टोचतं. उभं असताना चालतं, बसल्यावर खांदे खाली ओढले जातात आणि संध्याकाळपर्यंत मान धरते.

२०२३-२४चा हिवाळा तर वायाच गेला. इथल्या लोकांना तो चांगलाच आठवत असेल, मिनेसोटात बर्फ म्हणावा असा पडलाच नाही. बिब कपाटात लटकत राहिला. वॉरंटी मात्र खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष, बर्फ पडो न पडो. पुढच्या हिवाळ्यात ट्रेल उघडले, जसा बर्फ मिळेल तसं आम्ही नॉर्थ शोअर ट्रेलवर फिरलो. दुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत हा ट्रेल १४६ मैल जातो आणि मधली काही अंतरं अशी आहेत की चहा-कॉफी सोडा, छप्परही दिसत नाही. अशाच एका ठिकाणी चेनचा रनर पुढे सरकला आणि मागचे दात उघडे राहिले. राज्यात वेगाची मर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. उणे १८ अंशांत त्या वेगाने गेलं की उघड्या त्वचेला गारठा उणे ३५चा लागतो. गुडघ्यावर वीतभर फट, आत फक्त थर्मल. नवऱ्याने डक्ट टेप गुंडाळली, म्हणून घरी येईपर्यंत निभावलं. गुडघा दुसऱ्या दिवशीही बधिर होता. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, हिमदंश असाच होतो.

मग कंपनीशी पत्रव्यवहार. पहिलं उत्तर, वॉरंटी संपली. मी कळवलं की वर्षभर बर्फच नव्हता, बिब वापरलाच नाही. दुसरं उत्तर, झीज. मी गुडघ्याचे फोटो पाठवले, बसलेल्या अवस्थेतले, खडूने खूण करून. तिसरं उत्तर, खालची पट्टी कापलेली दिसते, कपड्यात बदल केला की वॉरंटी तशीही लागू नाही. म्हणजे बुटक्या बाईने चार इंच जास्तीचं कापड बुटाखाली तुडवत चालायचं, नाहीतर वॉरंटीवर पाणी सोडायचं. तिसरा रस्ता त्यांनी ठेवलेलाच नाही. पुरुषांच्या बिबला त्याच कंपनीची आखूड लांबी मिळते. बायकांना नाही. हे मी फोनवर विचारलं, तेव्हा पलीकडची मुलगी मनापासून म्हणाली, “मलाही तेच हवं होतं.” तिच्यावर माझा राग नाही.

दुरुस्तीचं सांगते, कारण ते कामाचं आहे. पूर्ण चेन बदलायला एकीकडे दीडशे डॉलर सांगितले. बॅगा आणि तंबूचं कापड शिवणाऱ्या एका कारागिराने चेन हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाला, दात शाबूत आहेत, फक्त रनर ढिला झालाय. रनरच्या मागच्या बाजूला बारीक आकडा कोरलेला असतो, ५, ८, १० असा. तोच आकडा बघून नवीन रनर घालायचा. वीस डॉलरमध्ये काम झालं. ट्रेलवर पक्कड असेल तर रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबून तो तात्पुरता आवळताही येतो. मी आता छोटी पक्कड स्लेडच्या बॅगेतच ठेवते. चेन सुधारली, पण गुडघा होता तिथेच.

गुडघा वर सरकवून मिळेल का, हेही मी त्या कारागिराला विचारलं. तो म्हणाला, करता येईल, पण आतल्या शिवणीवर पाणी अडवणारी पट्टी चिकटवलेली असते. ती उसवली की पुन्हा उष्णतेने चिकटवावी लागते, आणि सुईची नवी छिद्रं राहिली तर पाणी आत येणार. नव्या बिबच्या निम्मे पैसे त्यातच गेले असते. सांगलीत आमचे शिंपीकाका सलवारीचं माप घेताना “जरा बसून दाखव” म्हणायचे. सुती कापडाला ज्यांनी हे बघितलं, त्यांना चारशे डॉलरचा कपडा बनवणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं, असं मला वाटतं.

माझ्याच अंगाचा हा प्रश्न आहे असं कोणी समजू नये. माझी नणंद पाच फूट दहा इंच, शिडशिडीत. ती मिनिआपोलिसहून आली की आमच्याबरोबर येते. तिचा पहिला बिब उभी असताना अगदी बेतशीर दिसायचा. स्लेडवर बसली की म्हणायची, “अगं वहिनी, बुटाच्या वर सगळं उघडं पडतंय.” तिच्या बाबतीत तोच बाक मांडीवर चढायचा. पट्टे सैल करून काही होत नाही, कारण बसल्यावर कापड सीट आणि गुडघ्यात खेचलं जातं. तिला लांब मापाचा शेल मिळाला, म्हणजे बिनअस्तराचा बिब, आणि आत ती हवामान बघून थर घालते. उंच बायकांना माझा सल्ला हाच. बायकांच्या काही बिबना लांब आणि आखूड अशी मापं असतात, पण दुकानात टांगलेले जवळपास सगळे मधल्या लांबीचे. वेगळी लांबी मागवावी लागते.

शेजारीण साठीची, अंगाने भरलेली, छाती आणि पोट दोन्ही मोठं. तिची अडचण माझ्यापेक्षा जास्त जाच करणारी आहे. बिबचा पुढचा भाग छातीवर उंच असेल तर चेन बरोबर मध्ये दाबते आणि पुढे वाकून हँडल धरलं की श्वास अपुरा पडतो. छातीच्या मापाने जॅकेट घेतलं तर बाह्या बोटांवर येतात. खांद्याची शिवण दंडावर उतरते, आणि कॉलर हेल्मेटला खालून ढकलते. तिला शेवटी पोटापर्यंतच येणारी, पट्ट्यांची पँट बरी पडली. तिने ती डीएसजीची घेतली. ही कंपनी दीवाज स्नोगिअर या नावाने बायकांच्याच पोशाखासाठी सुरू झाली, आणि मोठी मापं तिथे नंतर आठवण झाल्यासारखी ठेवलेली नाहीत. तरी दुकानात टू-एक्सच्या पुढचं काही टांगलेलं तिला दिसलं नाही. मागवा, घाला, परत पाठवा, आणि परत पाठवण्याचा खर्च आपला. जिला जास्त माप लागतं तिलाच जास्त भुर्दंड, हे मला मुळीच पटत नाही.

आता मत बदललं त्याबद्दल. पहिल्या बिबच्या अनुभवानंतर माझं ठाम मत झालं होतं की बायकांचे म्हणून विकले जाणारे बिब घ्यायचेच नाहीत, पुरुषांचा आखूड घ्यावा. नवऱ्याच्या मित्राचा घालून बघितला. गुडघा जागेवर होता. पण सीट ताणलेली, कंबर मुठीएवढी सैल, आणि पुढच्या चेनचा आपल्याला उपयोग शून्य. तेव्हा तो पर्याय बाद.

दुसरा बिब मिळाला ‘हे डेज’ (Hay Days) नावाच्या जत्रेत. मिनेसोटातल्याच नॉर्थ ब्रँचला सप्टेंबरात, लेबर डेनंतर ती भरते, गवतावरच्या शर्यती आणि जुन्या-नव्या सामानाचा बाजार. मागच्या हंगामाचा उरलेला माल तिथे उतरत्या भावाने निघतो. उकाड्यात अस्तरवाले बिब चढवून बघणं म्हणजे घामाच्या धारा, पण एकाच ठिकाणी पाच-सहा कंपन्यांचं सामान घालून बघता येतं आणि शेजारीच उभ्या असलेल्या स्लेडवर बसूनही बघता येतं. मी थर्मल आणि बूट घेऊनच गेले होते. खिशात शिंप्याचा खडू. बसायचं, गुडघ्याच्या वाटीवर खूण करायची, आणि बाकाची मधली शिवण त्या खुणेपासून किती लांब आहे ते टेपने मोजायचं. एक इंचाच्या आत असेल तरच पुढे बोलायचं. आखूड मापाचा, सीटला लवचीक कळी असलेला एक बिब अर्ध्या इंचावर आला. अडीचशेच्या आत पडला.

त्याला मागून उघडणारी सीट होती, एका मांडीपासून कमरेमागून दुसऱ्या मांडीपर्यंत चेन. दुकानदार तिचंच कौतुक करत होता आणि मी ते कानाआड करत होते, कारण माझं सगळं लक्ष गुडघ्याकडे. एक हिवाळा वापरल्यावर सांगते, गुडघ्याइतकंच महत्त्व मी आता त्या सीटला देते. ट्रेलवर लघवीला जायचं म्हणजे आधी जॅकेट, मग पट्टे, मग अख्खा बिब खाली, उणे वीसमध्ये. म्हणून आम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नाही. मी कित्येक वर्षं हेच केलं, ओळखीच्या सगळ्या करतात. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं आणि थंडी जास्त बाधते. आता जॅकेट अंगावरच राहतं, मिनिटभरात काम होतं आणि मी थर्मास भरून नेते. पाळीच्या दिवसांत तर याचं मोल वेगळं सांगायला नको. दोष एकच, जाड हातमोजे घालून मागच्या चेनचा रनर सापडत नाही. मी त्याला दोरीचा लांब गोफ बांधलाय.

हातमोज्यांचं थोडक्यात: बोटांची लांबी नाही, अंगठा बघा. थ्रॉटल उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. अंगठ्याचं टोक रिकामं लोंबत असेल तर हात लवकर दमतो.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने कापड पाणी धरायला लागतं. बाहेरून मारायचे पाणीरोधक स्प्रे मिनेसोटात १ जानेवारी २०२५पासून पीएफएएस (वर्षानुवर्षं न विरणारी रसायनं) नसलेलेच विकता येतात. ते चांगलंच झालं, फक्त मला ते हंगामात दोनदा मारावे लागतात.

जुना बिब रनर बदलून नणंदेच्या धाकट्या मुलीसाठी ठेवलाय, आखूड केल्यामुळे तिला बसतो आणि तिचा गुडघा त्या बाकावर येतो. मला आता बिनअस्तराचा शेल हवाय, मार्चमधल्या ओल्या बर्फासाठी. सीट ४२, आतली उंची २७, मागून उघडणारी सीट असलेला, चारशे डॉलरच्या आत. तुमच्याकडे असा असेल तर बूट घालून बसा, गुडघ्यावर खडूने खूण करा, आणि बाकाची शिवण किती इंच वर किंवा खाली येते ते कळवा. नुसतं मीडियम की लार्ज ते नको, इंच सांगा.