डब्यावर २ टीबी, आत ६४ जीबी

लालबागला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी, मंडळांची पाद्यपूजनं असं सगळं काम असतं. हे फोटो आमच्या कॉम्प्युटरवर असले तरी ते दुसऱ्यांच्या घरचे असतात. आज हयात नसलेली कितीतरी माणसं त्यांत हसताना दिसतात. त्यामुळे बनावट ड्राइव्ह गळ्यात मारून झालेली ही फसवणूक फक्त पैशांची झाली असं मला म्हणवत नाही.

कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क जुनी झाली होती, म्हणून सगळ्या कामाचा बॅकअप बाहेरच्या एसएसडीवर, म्हणजे केबलने जोडायच्या छोट्या ड्राइव्हवर, घ्यायचं ठरवलं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका गल्लीतल्या दुकानातून २ टीबीचा पीस घेतला. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव, सील व्यवस्थित. भाव बाजारापेक्षा कमी होता, पण संशय यावा इतका नाही. ‘पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील’ असं सांगून दुकानदाराने कच्च्या चिठ्ठीवर किंमत लिहून दिली. मी विचारायच्या आतच त्याने ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला जोडला, प्रॉपर्टीजमध्ये १.८१ टीबी दाखवलं, एक सिनेमा त्यावर कॉपी केला आणि चालवूनही दाखवला. २ टीबीचा ड्राइव्ह विंडोजवर १.८१ टीबीच दिसतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. म्हणजे आकडासुद्धा अगदी खऱ्यासारखा होता.

घरी आणून सगळं कॉपी केलं. कुठेही एरर आली नाही. वर्षावार फोल्डर, फाइलींची नावं, प्रत्येकीचा आकार, सगळं जागच्या जागी दिसत होतं. पुढे कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खरोखरच बंद पडली आणि मी बॅकअप उघडला. पहिल्या फोल्डरमधले फोटो उघडले. त्यानंतरचा एकही उघडेना. नाव आहे, आकार आहे, तारीख आहे, आणि आत काहीच नाही.

कव्हर उघडलं तर आत कार्ड रीडरसारखी एक पट्टी आणि तिला गोंदाने चिकटवलेलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड होतं. वजन भरावं म्हणून बाजूला लोखंडाचा तुकडा.

ही लबाडी चालते कशी, ते नीट समजून घ्या. ड्राइव्हमध्ये कंट्रोलर नावाची चिप असते आणि आपली क्षमता किती हे तीच कॉम्प्युटरला सांगते. तिचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलाच प्रोग्रॅम, बदलून तिच्याकडून खोटा आकडा वदवला जातो. गोदामाच्या दारावर हजार पोत्यांची पाटी लावावी आणि आत एकच खोली असावी, तसा हा प्रकार. खरी जागा संपली की पुढची माहिती काही ड्राइव्ह सरळ टाकून देतात, तर काही आधीच्या फाइलींवरच लिहीत सुटतात. कॉम्प्युटरला मात्र ‘लिहिलं’ असाच निरोप जातो. फाइलींच्या नोंदी बहुधा सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसतात, म्हणून यादी शाबूत दिसते. दुकानातला सिनेमा चालला तो त्याच ६४ जीबीत मावला म्हणून.

इथेच दुसऱ्या फसवणुकीचं दार उघडतं. ‘डेटा रिकव्हरी करून देतो, अर्धे पैसे आधी’ असं सांगणारे भेटतात. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कोणीही परत आणू शकत नाही. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून कधी कधी माहिती निघते, तिच्यासाठी खर्च करा. बनावट ड्राइव्हसाठी एक रुपयाही देऊ नका.

दुकानदार म्हणाला, ‘हा पीस आमचा नाहीच.’ चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना सीरियल नंबर. यूपीआयचे पैसे भलत्याच नावाच्या खात्यात गेलेले. खोक्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर तसा नंबरच नव्हता. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं चोख व्यवहार करणारे दुकानदार आहेत, आजही मी माल तिथूनच आणतो. पण पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर असल्याशिवाय नाही. तुम्हीही अडून बसा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची तर तोच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडतो, आणि आयोगाकडे जायला साधारण दोन वर्षांची मुदत असते. खरेदी ऑनलाइन करून फसला असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

नवा ड्राइव्ह, मग तो कुठूनही घेतलेला असो, आधी रिकामा असतानाच तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम आहेत. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. तास न् तास लागतात, रात्री लावून झोपा. एखाद-दुसरी फाइल कॉपी करून पाहणं म्हणजे तपासणी नव्हे.

बॅकअप घेतल्यावरही ड्राइव्ह काढून पुन्हा जोडा आणि मधल्या, शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली उघडून पाहा. आता आम्ही तीन प्रती ठेवतो: एक कॉम्प्युटरवर, एक तपासलेल्या हार्ड डिस्कवर आणि एक बहिणीच्या डोंबिवलीच्या घरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतलं काय काय पाण्यात गेलं, ते मुंबईकराला सांगायला नको. सगळ्या प्रती एकाच खोलीत ठेवण्यात अर्थ नाही. निवडक काम क्लाउडवरही जातं, पण नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नाही, कारण इकडे फाइल डिलीट झाली की तिकडचीही जाते.

काही फोटो गिऱ्हाइकांनी जपलेल्या पेनड्राइव्हमधून परत मिळाले. व्हॉट्सॲपवरून आले ते आकसलेले, अल्बमच्या छपाईला निरुपयोगी. बाकीच्यांना मी अजून फोन करतो आहे.

आणि तुमच्याकडे असा संशयास्पद ड्राइव्ह आत्ता वापरात असेल, तर आज त्यावर नवीन काहीही लिहू नका. उघडतंय तेवढं दुसरीकडे कॉपी करा, मूळ फाइली अजून कुठे असतील तर त्या हलवू नका, आणि मगच तो रिकामा करून तपासायला घ्या.