चुंबक चिकटत नाही म्हणजे अ‍ॅल्युमिनियम

माझ्या सायकलची पायडलं झिजून गुळगुळीत झाली होती. रोज विश्रामबाग ते मिरज जाणं-येणं, त्यात पावसाळ्यात पायात सँडल. जुलैत एका खड्ड्यात पाय सटकला, पायडल उलटं फिरून नडगीवर बसलं. त्याच शनिवारी सांगलीत एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पक्कं बिल नाही.

मला हवी होती साधी, रुंद, सँडल धरून ठेवतील अशी पायडलं. मालकाने चंदेरी जोडी काढली. "प्युअर अ‍ॅल्युमिनियम, सील बेअरिंग. साडेआठशे." मी जरा कां-कूं करतोय बघून त्याने गल्ल्यातून चुंबक काढलं आणि पायडलला लावलं. चिकटलं नाही. "बघा सर, लोखंड असतं तर धरलं असतं." मी गार. प्लॅस्टिकलाही चुंबक चिकटत नाही हे, बीएस्सी होऊनसुद्धा, तिथे उभं असताना डोक्यात आलं नाही.

पोऱ्याने उजवं पायडल दोन मिनिटांत बसवलं. डावं मात्र क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्यात, काही केल्या जाईना. मग त्याने पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि अंग टाकून रेटलं. फरशीवर बारीक चकचकीत चुरा पडायला लागला, नारळ खवल्यासारखा. तो मी बघत होतो आणि गप्प होतो, हे मला अजून खातं. मालक उठून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या क्रँकचे आटे आधीच गेल्यात की सर. डावा क्रँक बदलावा लागंल." क्रँकचे साडेसहाशे, मजुरी शंभर, एकूण १६००. पोऱ्याने दुसऱ्या खोक्यातून एक पायडल काढलं, ते नव्या क्रँकमध्ये नुसत्या बोटांनी फिरवत गेलं. खोकं का बदललं हे मी विचारलं नाही. बिल कच्चं घेतलं, जीएसटी वाचला म्हणून वर खूश. जुनी पायडलं "टाकू का भंगारात?" म्हणाले, टाका म्हटलं. जुना क्रँक तेवढा पिशवीत घातला, वजनदार वस्तू टाकवत नाही म्हणून.

माझा मावसभाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर आहे. त्याने क्रँक उजेडाकडे धरला आणि हसला. "दादा, आटे गेले नाहीत, घालवलेत. बाहेरचे तीन-चार फेर सोलल्यात, आतले बघ की, नवेकोरे." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून. त्या खोक्यात दोन्ही पायडलं उजवीच होती, आणि त्यातलं एक पोऱ्याने डाव्या क्रँकमध्ये पाइप लावून कोंबलं. पायडलची दांडी पोलादी, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. सोलणार कोण? आतून उलट्या आट्याचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवला असता तर कदाचित तोच क्रँक चालला असता, असं तो म्हणाला. पोऱ्याची चूक असेल, ती मी समजू शकतो. पण मालकाने वाकून बघितलं तेव्हा त्याला कळलं नसेल, हे मला पटत नाही.

महिन्याभरात पायडल कटकट वाजायला लागलं. वरचा चंदेरी मुलामा उडून काळं प्लॅस्टिक दिसलं. टोपण काढलं तर आत सुटे छर्रे, गंजाचं पाणी, ग्रीसचा थेंब नाही. गंमत म्हणजे रोजच्या वापराला चांगल्या नायलॉनची पायडलं काही वाईट नसतात. हलकी असतात, आणि त्यांच्या बोथट दात्यांनी नडगी फाटत नाही. लोखंडी टोकदार खिळ्यांची पायडलं डोंगरात बुटांवर ठीक, सँडलवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. प्लॅस्टिक म्हणून विकलं असतं तर मी त्या किमतीला आनंदाने घेतलं असतं.

आता मी दुकानात पायडल आधी हातात घेतो. अ‍ॅल्युमिनियम गार लागतं, वाजवलं तर खणखणतं. दांडी बोटांनी फिरवून बघतो, खरखर लागली की परत ठेवतो. दांडीच्या टोकावर एल आणि आर असतं, ते दोन्ही वाचतो. गिअरच्या सायकलींना बहुतेक ९/१६ इंचाचे आटे लागतात, लहान मुलांच्या एकसंध क्रँकच्या सायकलींना अर्धा इंच. आट्यांना ग्रीस लावून पहिले चार-पाच फेर हातानेच गेले पाहिजेत, डावं उलट्या दिशेने. १५ नंबरचा पाना फक्त शेवटी आवळायला. तिथे पाइप दिसला की सायकल उचलून बाहेर.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचं मनात आलं, पण हातात होती फक्त पेन्सिलीने आकडे मांडलेली चिठ्ठी. तरी क्रँक घेऊन त्या दुकानात गेलो. मालकाने तो हातात घेतला, आतले आटे बघितले, शांतपणे काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "जुनी पायडलं आणा सर. त्याचे आटे बघू, मग बोलू."